8 इंची डॉब्सोनियन दुर्बीण: युरेनसच्या कसोटीवर

शनीची कडी दाखवली म्हणून दुर्बीण चांगली ठरत नाही. ती 70 मिमीच्या साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. 200 मिमी आरसा, 1200 मिमी नाभीय अंतर, सोबत 25 आणि 10 मिमीचे आयपीस (डोळ्याजवळची भिंगं), अशा सर्रास मिळणाऱ्या डॉब्सोनियनचा (साध्या तळावर हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीचा) खरा कस लागतो तो युरेनसवर.

आधी खोक्यावरच्या चित्राबद्दल. युरेनसची कडी या दुर्बिणीतून दिसणार नाहीत. 10 मार्च 1977 ला ग्रह एका ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश आधी आणि नंतर मंदावला, त्यावरून त्यांचा पत्ता लागला. ही घट तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतही टिपली गेली होती. कडी दिसतील असं दुकानदार ठासून सांगत असेल, तर दुकान बदला.

दिसते ती ग्रहाची चकती. तेजस्विता 5.7 प्रतीच्या आसपास (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश मंद), त्यामुळे फाइंडरमधून, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून, सापडायला अडचण नाही. 2026 च्या नोव्हेंबरात तो कृत्तिका आणि रोहिणी यांच्या साधारण मधोमध असेल. 25 मिमीच्या आयपीसने (48 पट) तो ताराच वाटतो, 10 मिमीने (120 पट) किंचित फुगीर. चकतीचा व्यास जेमतेम 3.8 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग)! म्हणून 6 मिमीचा वेगळा आयपीस (200 पट) किंवा 10 मिमीला 2 पट बार्लो, म्हणजे मोठेपणा दुप्पट करणारं जोडभिंग (240 पट), हवंच. 240 पटीला फिकट निळसर-हिरवी चकती साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या निम्म्या रुंदीची होते. मात्र डॉब्सोनियनला मोटर नसते, त्यामुळे ग्रह पन्नासेक सेकंदांत दृष्टिक्षेत्र ओलांडतो आणि नळी सारखी ढकलावी लागते.

चकतीऐवजी धूमकेतूसारखी शेपटी दिसली, तर ग्रहाला बोल लावू नका, कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) बिघडलंय. गाडीतून नेल्यावर ते हमखास हलतं. आधी दुय्यम आरशाचे (नळीच्या तोंडाकडच्या छोट्या आरशाचे) तीन स्क्रू जुळवा, मग मुख्य आरशामागचे स्प्रिंगवाले तीन. सगळं जुळवून लॉकचे स्क्रू करकचून आवळले की आरसा पुन्हा सरकतो. ते आळीपाळीने, पाव-पाव फेरा द्यावेत आणि शेवटी मध्यम तेजाच्या ताऱ्यावर तपासावं. ही जुळणी तपासायचा स्वस्त लेझर कोलिमेटर बरेचदा स्वतःच वाकडा असतो. आयपीसच्या जागी बसवायचं, मधोमध भोक पाडलेलं साधं झाकण जास्त भरवशाचं. शिवाय आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास द्या, नाहीतर प्रतिमा उकळत राहते.

युरेनसच्या उपग्रहांच्या बाबतीत अपेक्षा आवरलेल्या बऱ्या. टायटानिया आणि ओबेरॉन 14 व्या प्रतीच्या आसपास, म्हणजे या आरशाच्या क्षमतेच्या अगदी काठावर. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून प्रश्नच नाही. अमावास्येच्या सुमारास, काळोख्या जागी, ग्रह माथ्याजवळ असताना तिरप्या नजरेने (थेट न बघता किंचित बाजूला बघून) ओबेरॉन आधी आजमावा: तो ग्रहापासून लांब जातो, चकाकीत हरवत नाही. गंमत म्हणजे नेपच्यूनची चकती याहून लहान, 2.3 विकलांची, पण त्याचा उपग्रह ट्रायटन 13.5 प्रतीचा असल्याने थोडा सोपा.

कमजोर भाग म्हणजे तळ. तो लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा (पार्टिकल बोर्डचा) असतो; पाणी लागलं की कडा फुगतात आणि फिरणं अडखळतं. कोकणात असाल तर कडांना वार्निश लावा. पावसाळ्यात नळीची दोन्ही तोंडं झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करा.