जत्रा, हळद, फॅमिली रूम की शेतातली पार्टी : पोरांना न्यावं कुठं, ठेवावं कुठं

धाकट्या जावेचा फोन आला. तिच्या माहेरी, खानापूरकडच्या गावात, लक्ष्मीची जत्रा आहे आणि त्याच आठवड्यात भाच्याची हळद, तीही लॉनवर. "अक्का, दोन्हीकडं प्यायला बसणारे असणार. पोरांना आणू काय नको?" पोरगा अकरा वर्षांचा, पोरगी पाचाची.

मी तिला म्हटलं, दारू आहे की नाही एवढंच धरून बसलीस तर आपल्या बेळगाव भागात पोरांना घराबाहेरच काढता येणार नाही. तिथं वाढतं कोण, पोरं त्या वेळी काय करत असतात आणि परतताना गाडी कोण चालवणार, हे आधी विचार.

जत्रेचं तसं सोपं आहे. आपल्याकडं काही गावांत लक्ष्मीची जत्रा कित्येक वर्षांनी एकदा येते, त्यामुळं त्या घरात पावणे मावत नाहीत. मटणाच्या डेगी, दारात मांडव, पंगतीवर पंगत. पिणारे असतातच, पण ते गोठ्यामागं नाहीतर माळ्यावर. अंगणात म्हाताऱ्या, बायका, पन्नासभर पोरं. पोरांना मटण, पाळणा आणि मावसभावंडं यापलीकडं काही दिसत नाही. अशा ठिकाणी पोर न नेणं म्हणजे उगाच त्याचं नुकसान. फक्त सकाळी जायचं, पहिल्या-दुसऱ्या पंगतीला जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत निघायचं. संध्याकाळनंतर गावाच्या अरुंद रस्त्यावर कोण कशी मोटारसायकल चालवत येईल, सांगता येत नाही.

हळदीचं मात्र बदललंय. घरच्या अंगणातली हळद जत्रेसारखीच होती. लॉनवर तसं नाही. तिथं बार असतो पार्किंगमध्ये, गाड्यांच्या डिक्कीत. तिथंच अंधार, आणि तिथंच पोरं लपाछपी खेळणार, मागं घेणाऱ्या गाड्यांच्या मधून. डीजेपुढं हाक ऐकू येत नाही. जेवण नऊशिवाय नाही. मला सगळ्यात भीती वाटते ती प्लास्टिकच्या ग्लासांची. लिंबू सोड्यातली व्होडका आणि नुसता लिंबू सोडा दिसायला एकच. अर्धा ग्लास खुर्चीवर ठेवून कुणीतरी नाचायला जातो आणि खेळून तहानलेली पाच वर्षांची पोर तो उचलते. लहान मुलांत दारूनं रक्तातली साखर एकदम उतरते, फिट येऊ शकते, बेशुद्धी येऊ शकते. मोठ्या माणसाला जे दोन घोट, ते तिला दवाखाना. म्हणून हळद लावायच्या वेळेपर्यंत दोघांनाही ने, पण डीजे सुरू झाला की निघ. कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

आता बार अँड रेस्टॉरंटच्या फॅमिली रूमबद्दल. बायका नाक मुरडतात, पण खरं सांगायचं तर लॉनपेक्षा मला ती बरी वाटते. दार वेगळं, उजेड भरपूर, पेग मोजून येतो आणि बिलात दिसतो. वाढणारा पगारी वेटर असतो, आपलं पोर नसतं. आठ-साडेआठपर्यंत जेवून बाहेर पडायचं. बाथरूम बऱ्याच ठिकाणी बारच्या बाजूलाच असतं, तेवढं सोबत जायचं.

शिनोळी लागली की महाराष्ट्र, चोर्ला उतरलं की गोवा, त्यामुळं वयाचे नियम तीन. गोव्यात १८. महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि कडक दारूला २५. आपल्याकडं कर्नाटकात बारवाले २१ धरतात; २०२३ मध्ये ते १८ वर आणायचा मसुदा निघाला होता, ओरड झाल्यावर सरकारनं मागं घेतला. ही वयं विकत घेण्या-पिण्याची आहेत. अकरा वर्षांच्या पोराला शेजारी बसवावं की नाही, ते त्यातून ठरत नाही. गोव्याच्या शॅकमध्ये पोरं वाळूत खेळतात, आई-बाप बिअर पितात, कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. परतीच्या घाटात चालवणारा कोरडा हवा, बस्स.

राहिली शेतातली पार्टी. तिथं नाही म्हणजे नाहीच. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो, घरचीच माणसं. चूल पेटलेली, झाडाखाली चटई. माझ्या पोराला कुणीतरी आधी शेंगदाण्यात कांदा कालवायला बसवलं, मग बर्फ आणायला धाडलं, मग गाडीतली पिशवी. तासाभरानं बघते तर हा ग्लासात बोटानं माप धरून विचारतोय, "मामा, पाणी की सोडा?" सगळे खो खो हसले. त्याला वाटलं, आपण काहीतरी शाबासकीचं केलं. मी तेव्हा काहीच बोलले नाही, याचंच मला अजून वाईट वाटतं.

नंतर कळलं, बालन्याय कायदा, २०१५. कलम ७७ पोराला दारू देण्याबद्दल, कलम ७८ पोराकडून दारूची विक्री, ने-आण, पुरवठा करून घेण्याबद्दल. दोन्हीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुणी मामाला त्यासाठी आत टाकणार नाही, हे मलाही कळतं. पण "जा रे, डिक्कीतली बाटली आण" हे आपण जितकं सहज म्हणतो, तितकं ते सहज नाही.

"लपवलं तर पोरांना जास्त ओढ लागते" असं माझे दीर म्हणतात. असेलही. पण बघणं वेगळं आणि हाताखाली राबणं वेगळं. बापाच्या हातात ग्लास बघून माझं पोर बिघडलं नाही. त्या हसण्यानं मात्र त्याला पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक पाव्हण्याला पाणी की सोडा विचारायची सवय लागली.

जावेनं ठरवलं ते असं. जत्रेला दोघं. हळदीला दोघं, पण साडेसातपर्यंत, आणि पोरीची पाण्याची बाटली तिच्याच गळ्यात. दिरांना बसायचं असेल तर बसू देत, पण लॉनवर उतरल्या उतरल्या गाडीची चावी जावेच्या पर्समध्ये. ते परतताना मित्राबरोबर येतील, नाहीतर तिथंच झोपतील. दिरांनी आधी कुरकुर केली, मग विचारलं, "आणि पावणे पुसले, एवढ्या लवकर का निघाली, तर काय सांगू?"

"पोरांची शाळा आहे म्हणून सांगा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी रविवार आहे.