छातीतील रक्तस्राव: एम्बोलायझेशन की दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया?

कर्करुग्णाच्या फुप्फुसावरणात साचलेला प्रत्येक लाल द्रव म्हणजे रक्तस्राव नव्हे. द्रवाचे हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचे प्रमाण) रुग्णाच्या रक्तातील हिमॅटोक्रिटच्या निम्मे किंवा त्याहून अधिक असेल, तरच त्याला हिमोथोरॅक्स, म्हणजे छातीच्या पोकळीत साचलेले रक्त, म्हणतात. छातीत नळी घालणे, गरजेनुसार रक्त व प्लेटलेट्स देणे आणि रक्त पातळ करणारी औषधे थांबवण्याचा विचार करणे, हे आधी करावेच लागते. एम्बोलायझेशन की शस्त्रक्रिया, ही खरी निवड त्यानंतरही नळीतून तासाला सुमारे २०० मिली रक्त काही तास सलग येत राहिले, तर करावी लागते.

एम्बोलायझेशनमध्ये बहुधा जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन गळणारी धमनी आतूनच बंद केली जाते. बहुतेक वेळा संपूर्ण भूल लागत नाही, आणि केमोथेरपीने खंगलेल्या रुग्णाच्या बाबतीत मला हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. मात्र बरगडीलगतच्या धमनीची एखादी शाखा मज्जारज्जूला रक्त पुरवत असेल, तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. शिवाय छातीत गोठलेले रक्त तसेच राहते.

शस्त्रक्रियेत नेमके तेच काढता येते, दबलेले फुप्फुस फुलते आणि निदान झालेले नसेल तर बायॉप्सीही घेता येते. पण अँजिओसार्कोमासारख्या (रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उद्भवणारा कर्करोग) गाठी फुप्फुसावरणभर पसरून जागोजागी झिरपत असतील, तर टाका घालायला एक जागा नसते. रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णात मात्र दुर्बिणीपेक्षा छाती उघडणेच बहुधा सुरक्षित ठरते.