पंतांचं बिऱ्हाड: जिवंत माती की साधा कागद?

ऑस्ट्रेलियात ग्रीन ट्री फ्रॉग, म्हणजे झाडावर राहणारा हिरवा बेडूक, पाळायचं ठरलं, परवाना हातात आला, पेटी उभी आणि समोरून दारं उघडणारी घ्यायची, इथपर्यंत फारसे मतभेद होत नाहीत. घोडं अडतं ते पेटीच्या तळाशी. खाली माती, वर पालापाचोळा, त्यात झाडं आणि घाण खाणारे किडे सोडून छोटंसं रान उभं करायचं, की तळाला पेपर टॉवेल अंथरून, दोन फांद्या आणि पाण्याचं भांडं ठेवून मोकळं व्हायचं? पहिल्या प्रकाराला इथले लोक बायोॲक्टिव्ह म्हणतात. दुसऱ्याला काही खास नाव नाही, कारण त्याचा फोटो काढून कोणी मिरवत नाही.

मी दोन्ही करून पाहिलंय. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात, भाड्याच्या घरात, टीव्हीशेजारी, ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटरच्या एकाच पेटीत. आधी चौदा महिने माती, आणि आता दोन वर्षं होत आली, कागद. बेडूकही तोच. दिवसभर पुढचे दोन हात पोटाखाली दुमडून, डोळे मिटून, सगळ्या घराचा हिशोब मनात चाललाय अशा थाटात बसतो, म्हणून त्याचं नाव पंत. तेव्हा पुढे जे लिहितोय तो एका पंतांचा आणि एका घराचा अनुभव आहे. तुमच्याकडे वेगळं घडू शकतं.

मातीची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यावर माझं खरंच प्रेम होतं. तळाला भाजक्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर, त्यावर जाळी, त्यावर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलेली माती आणि सगळ्यात वर सुका पाला. कोकोपीटची वीट कोमट पाण्यात फुगायला लागली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात नुसता उभा राहून वास घेत होतो. आजोळच्या पडवीत रचलेली नारळाची सोडणं पहिल्या पावसाच्या झडीने भिजली की जो वास यायचा, तोच. मेलबर्नच्या जुलैत, बाहेर सहा अंश तापमान असताना हॉलच्या कोपऱ्यात कोकण. बायको म्हणाली, "बेडूक नाही आणलास तरी चालेल, ही पेटी अशीच ठेवू."

आणि ती माती काम करते, हेही मान्य केलं पाहिजे. विष्ठेवर बुरशी धरते, ती बुरशी स्प्रिंगटेल नावाचे भुग्याएवढे पांढरे किडे खातात. कुजका पाला आणि उरलंसुरलं स्लेटर नावाचे कवचवाले किडे संपवतात. झाडं उरलेलं खत उचलतात. आम्ही चार आठवडे भारतात गेलो तेव्हा शेजारच्या मित्राने पाणी बदललं, फवारा मारला, आठवड्यातून दोनदा खाऊ घातलं, बस्स. परत आलो तर पंत होते त्याहून गुबगुबीत आणि पेटी होती त्याहून हिरवी. सुट्टीला लांब जाणाऱ्यांनी हा मुद्दा दुर्लक्षू नये. कागद बदलून विष्ठा उचलायला मित्र सहसा तयार होत नाहीत.

तरी एक खरं सांगतो: ही सफाईची फौज छोट्या बेडकाला पुरते. पंत अंगाने भरलेले. त्यांची एका रात्रीची कामगिरी पाहून स्लेटर दोन दिवस विचारात पडायचे. शिवाय पंतांना प्रातर्विधीसाठी पाण्याचं भांडंच आवडतं, आणि तिथे कुठलाही किडा मदतीला येत नाही. बेडूक पाणी कातडीतून पितो, म्हणजे ते भांडं मातीच्या घरातही रोज घासावं लागतंच. झाडांचं म्हणाल तर मी हौसेने लावलेलं नेचं पंतांनी तीन आठवड्यांत झोपवलं. रात्री वरच्या फांदीवरून थेट त्यावर उडी. मनीप्लांट तेवढा टिकला.

आता रातकिड्यांबद्दल.

पंतांचा मुख्य आहार क्रिकेट. म्हणजे रातकिडे, दुकानात डब्यातून मिळतात. (मुलाने शाळेत सांगितलं होतं की बाबा दर शनिवारी क्रिकेट विकत आणतात. मेलबर्नमध्ये कोणालाच काही वाटलं नाही.) कागदावर सोडलेला रातकिडा पळून पळून जाणार कुठे? मातीत सोडलेला मात्र दोन मिनिटांत पाल्याखाली. पंत वरून बघत राहतात, डोळा हलतो, तोंड उघडत नाही, आणि शिकार गेली. वाटतं, असू दे, कधीतरी बाहेर येईल. तो येत नाही. तो खाली उबेत, ओलाव्यात, पाला खात वाढतो. दहा-बारा दिवसांत त्याला पंख फुटतात. नर असेल तर एका रात्री तो पुढचे पंख एकमेकांवर घासायला सुरुवात करतो.

आमच्याकडे निचऱ्याच्या थरावरची जाळी एका कोपऱ्यात काचेला नीट भिडलेली नव्हती. बोटभर फट. त्यातून तीन रातकिडे भाजक्या गोळ्यांत उतरले आणि तिथे त्यांची बैठक बसली. वर मातीचा थर, तीन बाजूंनी काच, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा आवाज घुमायचा. पेटी उबदार असली की लय आणखी द्रुत. मी उठून पेटीजवळ गेलो की शांत. गादीवर पाठ टेकली की सुरू. एका रात्री पावणेतीनला मी टॉर्च दातात धरून, चमच्याने माती उकरत बसलो होतो. पंत फांदीवरून पाहत होते. मला एकही सापडला नाही.

गंमत म्हणजे पंत स्वतः ओरडतात. नर आहेत, आणि व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला की जबाब दिल्यासारखं "क्रॉ, क्रॉ, क्रॉ" सुरू होतं, तेही चांगल्या खणखणीत आवाजात. त्याचा कधी त्रास झाला नाही. घरचा माणूस घोरतो तसं ते. पण त्या किरकिरीत एक चिवटपणा असतो, तो डोक्यात जातो. बायकोने एवढंच म्हटलं, "बेडूक राहू दे रे, पण हा किडा आवर."

यावर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. चिमट्याने भरवा, म्हणजे एकही मातीत जाणार नाही. खरं आहे, आणि आता मी तेच करतो. पण तेव्हा पंत नवखे होते, चिमटा बघून पाठ फिरवायचे. रातकिडे पंख फुटायच्या आधीच्या वयाचे आणा, असंही सांगतात. मी तसेच आणत होतो, पंख त्यांना आमच्या घरी फुटले. तिसरा उपाय वूडीजचा. ही खाद्य म्हणून विकली जाणारी करडी झुरळं. किरकिर नाही, रातकिड्यांपेक्षा जास्त जगतात. हा सल्ला खरोखर चांगला आहे, पण मातीच्या घरात तीही बुडी मारतातच, आणि काचेवर चढतात. शिवाय आईशी फोनवर बोलताना सहज उल्लेख झाला, तर ती बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "झुरळं? पैसे देऊन?"

यातून सुटका झाली ती अपघाताने. पंतांचं खाणं मंदावलं, वजन उतरलं. बेडकांचं बघणाऱ्या पशुवैद्यांनी सांगितलं, ताजी विष्ठा आणा, कृमी आहेत का पाहू. चौदा महिन्यांच्या जंगलात ताजी विष्ठा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. जी सापडली तिच्यावर स्लेटर आधीच पोचलेले. शेवटी पंतांना भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, ओल्या पेपर टॉवेलवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना तयार, पांढऱ्या कागदावर, शंकेला जागा नाही. कृमी निघाले, औषध झालं. त्या मुक्कामात पंतांनी समोर टाकलेला प्रत्येक रातकिडा खाल्ला, कारण तो दिसत होता. मग मी पेटीतली माती काढली, ते तीन गवई हाती लागले, आणि घर पुन्हा आपल्या श्वासावर झोपलं. माती परत भरायची होती. ती अजून भरायचीच आहे.

(काढलेली माती बागेत ओतू नका. १९९८ मध्ये ओळख पटलेल्या कायट्रिड बुरशीने इथल्या बेडकांच्या काही जाती पार पुसून टाकल्या आहेत. आपल्या पेटीतली माती किंवा पाणी बाहेरच्या बेडकांपर्यंत पोचता कामा नये. मी पिशव्या बांधून कचऱ्यात टाकली.)

कागदाच्या विरुद्ध पहिला आक्षेप दिसण्याचा. त्यावर मला उत्तर नाही. पहिले काही दिवस पेटी दवाखान्यातल्या खाटेसारखी दिसते. मी मनीप्लांटच्या दोन कुंड्या आत ठेवल्या, कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे रचले, वर जाड फांदी आडवी बसवली. आता समोरून पाहणाऱ्याची नजर पानांवर जाते, तळावर जात नाही. कोकणाचा वास मात्र गेला तो गेलाच.

दुसरा आक्षेप ओलाव्याचा, आणि तो ऐकायला जास्त वजनदार वाटतो. कागद दुपारपर्यंत सुकतो, मग बेडकाचं कसं होणार? इथे जात कुठली हे महत्त्वाचं. लॅटिन नावात सेरुलिया, म्हणजे निळा. १७९० साली जॉन व्हाईट या सर्जनने वर्णन केलं तेव्हा नमुना दारूत बुडवलेला होता, पिवळं रंगद्रव्य निघून गेलं आणि निळा तेवढा उरला. तर हा हिरवा निळोबा उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलियातला, जिथे बऱ्याच भागांत कित्येक महिने पाऊस नसतो. त्याच्या कातडीवर मेणासारखा लेप असतो, पाणी उडू देत नाही. उत्तरेकडे कोरड्या ऋतूत हे बेडूक थंड रात्री बाहेर बसतात आणि मग उबदार ढोलीत शिरतात. थंड अंगावर दव धरतं आणि तेच पाणी कातडी पिते. क्वीन्सलंडमध्ये ते पन्हळीच्या पाइपात, टपालपेटीत, शौचालयाच्या भांड्यात सापडतात. अशा प्राण्याला रात्रंदिवस ओल्या मातीपेक्षा एक चांगली ढोली जास्त मोलाची, असं मला वाटतं. मी एक जाड पीव्हीसी पाइप उभा लावला. पंत दिवसाचे दहा तास त्यात. संध्याकाळी एक फवारा, भांड्यात स्वच्छ पाणी, एवढ्यावर भागतं. उलट कायम दमट आणि कोंदट जागेत कातडीचे आजार होण्याची धास्ती जास्त. माझ्या निचऱ्याच्या थरात हिवाळ्यात पाणी साचून आंबूस वास यायला लागला होता, तेव्हा मला ते थोडं उशिराच समजलं.

कष्टांचं गणित: रोज पाच मिनिटं, डागाळलेला कागद काढायचा, नवा घालायचा. रविवारी सगळं धुऊन पुसून काढायचं, अर्धा तास. कागद साधा घ्यावा, छपाई किंवा सुगंध नसलेला. मातीच्या घराला रोज जवळजवळ काहीच लागत नाही, पण जेव्हा लागतं तेव्हा अख्खा शनिवार जातो. पाण्याचं दोन्हीकडे सारखंच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या बादलीत उडून जातो, क्लोरामाईन जात नाही, म्हणून डिक्लोरिनेटर, म्हणजे दोन्ही मारणारं औषध, वापरलेला बरा.

माती कोणी घ्यावी? लहान, हलक्या अंगाच्या जाती पाळणाऱ्यांनी, ज्यांच्या उडीने नेचं मोडत नाही. पेटी झोपायच्या खोलीपासून लांब असेल त्यांनी. चिमट्याने खायला शिकलेला मोठा बेडूक ज्यांना मिळतोय त्यांनी तर नक्की विचार करावा, कारण मग माझी मुख्य तक्रारच उरत नाही. आणि ज्यांना मुळात बाग हवी आहे, बेडूक हे निमित्त आहे, त्यांनी. यात काही वावगं नाही, मीही त्यातलाच होतो.

बाकीच्यांना एवढंच म्हणेन की नवा बेडूक आणला की पहिले काही आठवडे त्याला कागदावर ठेवायचंच असतं, यावर मातीवाल्यांचंही दुमत नाही. खातो किती, विष्ठा कशी, कृमी आहेत का, हे तेव्हाच कळतं. म्हणजे कागद तुम्ही आणणारच आहात. ते आठवडे संपले की मातीची पोती लगेच आणू नका. आणखी एक महिना जाऊ द्या, आणि मधल्या एखाद्या रात्री पावणेतीनला जाग आली तर घराचा आवाज ऐका.