सहा बटणांचा जुना फोन घरी: एकच लाइन, दिव्यांचा जुगाड की पूर्ण केएसयू?

वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 2564 हा फोन (डायलवाला असेल तर 564) एके काळी अमेरिकेतल्या ऑफिसांत टेबलाटेबलावर असायचा. आजही तो तिथे गराज सेलमध्ये नाहीतर ई-बेवर मिळतो. खाली ओळीने सहा बटणे: डावीकडचे लाल बटण होल्डचे, बाकीची पाच लाइनची, आणि लाइनच्या प्रत्येक बटणात एक छोटा दिवा. मागून निघते 25 जोड्यांची, म्हणजे 50 तारांची जाड केबल. तिच्या टोकाचा रुंद अँफेनॉल कनेक्टर घरातल्या कुठल्याच जॅकला बसत नाही.

हा फोन एकटा फारसे काही करत नाही. दिवा लुकलुकवणे, कॉल होल्डवर धरणे, घंटीला वीज देणे ही सगळी कामे 1ए2 पद्धतीत (अनेक लाइनी असलेल्या ऑफिस फोनांची जुनी पद्धत) भिंतीवरच्या केएसयू नावाच्या पेटीकडे असतात. त्यामुळे प्रश्न फोनचा नाही, पेटीशिवाय तुमचे किती भागते याचा आहे.

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त: एकच लाइन. केबलमधली पांढरी-निळी जोडी म्हणजे पहिल्या लाइनचा आवाज. ती साध्या जॅकला जोडून पहिले बटण दाबले की डायल टोन येतो. बाहेरून वीज लागत नाही. टोन येतो पण नंबर लागत नाही, असे झाले तर दोन तारा उलटून पाहा. जुने टच-टोन पॅड उलट ध्रुवतेवर गप्प बसतात. घंटी मात्र वाजणार नाही, कारण या फोनांत ती लाइनवर नसते, तिच्या तारा वेगळ्या निघतात. फोन उघडून ती लाइनवर घ्यावी लागते, तीही आतल्या कपॅसिटरमधूनच. कपॅसिटर वगळलात तर घंटीच्या वेटोळ्यातून सतत डीसी वाहील आणि एक्स्चेंजला वाटेल की रिसीव्हर उचललेला आहे. फोन टेबलावर शोभेला हवा आणि अधूनमधून बोलायला, एवढेच असेल तर इथेच थांबा.

दुसरा मार्ग मला सर्वांत मजेदार वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते. प्रत्येक लाइनला तीन जोड्या असतात: आवाजाची, नियंत्रणाची (हिला ए-लीड म्हणतात) आणि दिव्याची. पहिल्या लाइनला पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी. दुसरीला पांढरी-तपकिरी, पांढरी-राखाडी, लाल-निळी. पुढे याच क्रमाने. बटण दाबून रिसीव्हर उचलला की ए-लीडचा संपर्क जुळतो. एरवी या संपर्कावरून पेटीला कळते की लाइन वापरात आहे. पेटी नसेल तर त्याच संपर्कातून दिव्याची वीज फिरवता येते. दिवे 10 व्होल्टचे आहेत. दारावरच्या घंटीचा 10 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि एक छोटा फ्यूज पुरतो. 12 व्होल्टवरही ते पेटतात, पण लवकर जातात. दोन पोर्टचा व्हीओआयपी अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटवरून चालवणारी डबी) घेतला तर दोन लाइन मिळतात आणि बोलत असाल त्या लाइनचे बटण उजळते.

उणीव अशी, की फोन आला असता दिवा लुकलुकत नाही आणि घंटी एकाच लाइनवर राहते. शिवाय होल्ड दाबलात की कॉल तुटतो. ते बटण लाइनचे बटण यांत्रिकपणे वर उडवते आणि पलीकडे लाइन धरून ठेवणारे कोणी नसते. घरात पाहुण्यांची लहान मुले असतील तर ते लाल बटण दाबले जाणारच, हे धरून चाला. दिव्याची वीज आवाजाच्या जोडीला चुकूनही लागू देऊ नका. अडॅप्टर जळू शकतो.

तिसरा मार्ग खरा 1ए2. केएसयू, दर लाइनला एक 400 मालिकेतले कार्ड (त्या लाइनचे काम सांभाळणारी सर्किटची पाटी) आणि वीजपुरवठा. कार्डांना 24 व्होल्ट डीसी, दिव्यांना 10 व्होल्ट एसी, घंटीसाठी 90 व्होल्टच्या आसपासचा जनरेटर. या शेवटच्याचा झटका चांगलाच बसतो, तेव्हा तारा जोडताना वीज बंद ठेवा. जनरेटर मिळाला नाही तर कार्डाच्या घंटीच्या संपर्कावर साधा बझर लावून भागवता येते. मोबदल्यात मिळते ते सगळे खरे: फोन येताच सावकाश लुकलुकणारा दिवा, होल्डवर भराभर मिचकणारा, आणि एकाच लाइनवर घरभर लावलेले असे अनेक फोन. जागा लागते, आवाजही होतो. रिले टकटकतात आणि दिवे लुकलुकवणारी मोटर गुणगुणत राहते. झोपण्याच्या खोलीशेजारी ही पेटी नको.

अडॅप्टर निवडताना दोन गोष्टी बघा. 564 असेल तर अडॅप्टर पल्स डायलिंग (डायल फिरवून नंबर लावणे) ओळखतो का, कारण बरेच ओळखत नाहीत. आणि समोरच्याने फोन ठेवला की तो क्षणभर लाइनचा करंट तोडतो का. हे सेटिंग बंद असेल तर होल्डवरचा दिवा समोरचा माणूस निघून गेल्यावरही मिचकत राहतो.

हा संच भारतात आणायचा विचार असेल तर माझे मत सरळ दुसऱ्या मार्गाचे. केएसयूचा वीजपुरवठा 117 व्होल्ट, 60 हर्ट्झसाठी बनलेला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, पण 50 हर्ट्झचे 60 करत नाही. पेटी आणायचीच असेल तर मूळ पुरवठा तिथेच सोडा आणि 24 व्होल्टचा आधुनिक एसएमपीएस (घरच्या विजेपासून डीसी देणारा पुरवठा) व 230 व्होल्टवर चालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर इथे लावा.

कुठलाही मार्ग धरा, विकणाऱ्याकडून केबलच्या टोकाचा फोटो मात्र आधी मागवा. काढताना बऱ्याचदा केबल कापलेली असते, आणि मग 50 तारा पुन्हा कनेक्टरवर बसवत बसावे लागते.