बिनगिअरची २६ इंची सायकल : मोठेपणी शिकणाऱ्यांसाठी

मधली दांडी खाली झुकलेल्या या सायकलीला दुकानात 'लेडीज' म्हणतात. जळगाव-धुळ्याकडे चाळिशी-साठीत शिकायला निघालेल्या पुरुषांनीही लाज न बाळगता हीच घ्यावी. तोल गेला की पाय दांडीत न अडकता थेट जमिनीवर येतो. तापीकाठच्या सपाटीला गिअर लागत नाहीत. तोरणमाळचा घाट चढायचा असेल तर मात्र ही नको.

शिकताना आधी दोन्ही पायडल काढा. बहुतेकदा १५ नंबरचा पाना चालतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. परत बसवताना आधी हातानंच फिरवा. वाकडं शिरलं आणि पान्यानं रेटलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे गेलेच. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. किंचित उतारावर पायानं ढकलत, नजर समोर ठेवून घरंगळत जा. वळण आणि ब्रेक जमले की पायडल लावा. आधाराची छोटी चाकं लावू नका. त्यांच्यावर सायकल झुकतच नाही, मग तोल कळणार कसा?

जमू लागल्यावर सीट वर घ्यायला बरेच जण विसरतात. पायडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. सीट खालीच राहिली तर गुडघे दुखतात, दोष वयाला जातो आणि सायकल ओट्याखाली.

उणिवाही आहेत. चेन मधोमध बोटानं वर-खाली केली तर सेंटीमीटरभर हलावी. दुकानातून ती अनेकदा सैल येते आणि उतरते. पायडल मारताना 'खट' वाजलं तर बहुधा कॉटर पिन, म्हणजे क्रँक आसाला पकडून ठेवणारी खीळ, ढिली आहे, लगेच आवळून घ्या. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक उशिरा लागतो. काळ्या मातीच्या रस्त्यावर चिखल मडगार्डात बसून चाक जाम होतं. तिथं उतरून काडीनं तो काढण्याशिवाय इलाज नाही.

उन्हाळ्यात पंक्चर नसताना हवा जात असेल तर आधी व्हॉल्व्हवरची रबरी नळी बदला, उन्हानं ती चिरते. बाभळीच्या काट्याचं पंक्चर काढताना टायरच्या आतून जपून बोट फिरवायला सांगा. मोडलेलं टोक आत राहिलं तर नवं ठिगळ असूनही ट्यूब पुन्हा बसेल.