वाळवंटातली मोहीम पडद्यावर: जर्मन वार्तापट दाखवावा की ब्रिटिश माहितीपट?

इतिहासाच्या वर्गात किंवा अभ्यासमंडळात दुसऱ्या महायुद्धातला प्रचार दाखवायचाय, हाताशी जेमतेम दीड तास आहे आणि विषय उत्तर आफ्रिकेतली लढाई. अशा वेळी दोन नावं हमखास पुढे येतात: ‘डॉइचे वोखेनशाऊ’ या जर्मन वार्तापटाचे (सिनेमागृहात दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांच्या फिल्मचे) १९४१-४२ चे अंक आणि ब्रिटिश लष्कराच्या चित्रपट पथकाने केलेला, रॉय बोल्टिंग दिग्दर्शित ‘डेझर्ट व्हिक्टरी’ (१९४३). एकच निवडायचं झालं, तर मी जर्मन अंक निवडेन. त्यातली बरीचशी दृश्यं खरीखुरी आघाडीवर टिपलेली आहेत आणि तरीही ती प्रेक्षकाची दिशाभूल करतात. विद्यार्थ्यांना नेमकं हेच दिसायला हवं.

फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेल लिबियातल्या त्रिपोलीत उतरला. कॅमेऱ्याचं महत्त्व त्याला आधीपासून ठाऊक होतं. १९४० मध्ये फ्रान्समधल्या विजयावरच्या चित्रपटासाठी त्याने नदी ओलांडण्याचा प्रसंग पुन्हा घडवून दाखवला होता. आफ्रिकेत तर प्रचारमंत्री गोबेल्सच्या मंत्रालयातला अधिकारी बेर्न्ट त्याच्या दिमतीलाच होता. वार्तापटात दिसतात ते तापलेल्या रणगाड्याच्या पत्र्यावर अंडं तळणारे हसतमुख सैनिक, धुळीने माखलेला गॉगल टोपीवर चढवलेला सेनापती, पुढे पुढे धावणाऱ्या गाड्या. निवेदकाचा आवाज चढा, संगीत त्याहून चढं. समुद्रात बुडणारी रसदीची जहाजं, पेट्रोलची टंचाई आणि आमांशाने आडवे झालेले जवान मात्र या चित्रात बसत नाहीत.

तारखा शेजारी ठेवल्या की फट उघडी पडते. २१ जून १९४२ ला ब्रिटिशांच्या ताब्यातलं लिबियातलं टोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडलं. ३ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये परदेशी पत्रकारांसमोर रोमेलने इजिप्तचं दार आपल्या हातात असल्याचं सांगितलं. २३ ऑक्टोबरला इजिप्तमध्ये अल अलामेनची लढाई पेटली, तेव्हा तो आजारपणाच्या रजेवर ऑस्ट्रियात होता. पुढे ९ मार्च १९४३ ला त्याने आफ्रिका कायमची सोडली, पण ही गोष्ट जर्मन जनतेला मे महिन्यापर्यंत कळू दिली नाही.

‘डेझर्ट व्हिक्टरी’ हा वार्तापट नव्हे. सुमारे तासभराचा, ऑस्कर मिळवलेला माहितीपट आहे. कलाकृती म्हणून तो कितीतरी सरस. अल अलामेनच्या ब्रिटिश हल्ल्याआधीची रात्र एकदा बघाच: काळोख, शांतता, घड्याळाकडे लागलेले डोळे आणि मग एकदम आठशेहून अधिक तोफांच्या लखलखाटात उजळणारी वाळू. या रात्रीच्या हल्ल्यातली काही जवळून घेतलेली दृश्यं इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत चित्रित केली होती, हे वर्गाला आवर्जून सांगा. ब्रिटिशांनी शत्रूचे गुप्त संदेश उलगडले होते, त्याचा तर उल्लेखच शक्य नव्हता. तरी ज्या विजयाचा दावा चित्रपट करतो तो खरोखर झाला होता, त्यामुळे लढाईचा क्रम समजून घ्यायचा असेल तर इथूनच सुरुवात करावी.

इटलीच्या ‘लुचे’ या सरकारी चित्रपट संस्थेचे वार्तापटही आहेत. मुसोलिनीची भव्यता दाखवण्यापलीकडे ते फारसं काही देत नाहीत. वेळ कमी असेल तर वगळा.

आपली माणसं कुठे होती, हा प्रश्न मराठी वर्गात येणारच, आणि यायलाच हवा. टोब्रुकमध्ये हजारो कैदी जर्मनांच्या हाती लागले. त्यात ११ वी भारतीय ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, ‘काली पांचवी’. जर्मन पडद्यावर कैद्यांच्या रांगा म्हणजे नुसता विजयाचा पुरावा. निवेदन थांबवून या पलटणीचं नाव वर्गात मोठ्याने घ्या. इकडे भारतात १९४३ मध्ये ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट सुरू झाला आणि सरकारमान्य लघुपट दाखवणं थिएटरांना सक्तीचं झालं, हेही त्याच बैठकीत सांगता येईल.

जर्मन अंकात आफ्रिकेचा भाग बहुधा काही मिनिटांचाच असतो, म्हणून दोन्ही जमवायला हरकत नाही. टोब्रुकचा भाग आधी आवाज बंद करून दाखवा, काय दिसलं ते मुलांना लिहायला लावा, मग आवाजासकट. त्यानंतर ‘डेझर्ट व्हिक्टरी’ लावा. त्यात ब्रिटिशांनी हस्तगत केलेली जर्मन फिल्मही वापरलेली आहे; तीच चित्रं दुसऱ्या बाजूच्या निवेदनाखाली कशी बदलतात, ते मुलांना स्वतःच शोधू द्या.