उद्यमबागच्या फाउंड्रीत नऊ महिने वापरलेला मास्क

गणपती झाल्यावर घेतला, आता जून उजाडला. रविवार आणि सणवार सोडले तर या नऊ महिन्यांत कामाच्या प्रत्येक दिवशी हा मास्क माझ्या तोंडावर होता. आमच्या बेळगाव भागातल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या, किंवा ज्यांच्या घरातलं कोणी करतं, अशांसाठी सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा बनावटीचे मास्क तीन-चार कंपन्यांचे मिळतात आणि मला सांगायचंय ते बनावटीबद्दल आहे.

मी फेटलिंगला आहे. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, जळून घट्ट बसलेली वाळू ग्राइंडरनं काढायची, रायझरचे आणि गेटचे (साच्यात धातू जायच्या-यायच्या वाटांचे) खुंट घासून सपाट करायचे, हे माझं काम. उद्यमबागपासून मच्छेपर्यंत अशा कितीतरी फाउंड्र्या आहेत. येळ्ळूर, देसूर, पिरनवाडीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या त्यांत राबली आहेत. साच्याची वाळू म्हणजे सिलिका. ती मूठभर हातात घेतली तर काही होत नाही, कारण कण जाड असतात. ग्राइंडरच्या चाकाखाली त्याच कणाचा भुगा होतो आणि त्यातला पाच मायक्रॉनहून बारीक भाग थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात जी धूळ नाचताना दिसते ती बरीचशी जाड असते. घात करणारी डोळ्यांना दिसतच नाही.

माझे बाबा सत्तावीस वर्षं याच कामात होते. तोंडाला टॉवेल गुंडाळायचे आणि सुट्टी झाली की गुळाचा खडा खायचे. गुळानं धूळ निघून जाते असं तेव्हा सगळेच मानायचे, आजही मानतात. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. खोकला वाढला तेव्हा टीबी म्हणून औषधं सुरू झाली. दोनदा पूर्ण कोर्स झाला. शेवटी मिरजेला एका डॉक्टरांनी एक्सरे बघून पहिला प्रश्न विचारला, "काम काय करत होता?" तोपर्यंत तो कोणीच विचारला नव्हता. सिलिकोसिस निघाला, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसावर डाग पडण्याचा आजार. १९४८च्या कारखाने कायद्यानं हा आजार सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत घातला होता, आणि आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा बाबांना जिना चढवत नव्हता. यावर औषध नाही. एकदा बसलेला डाग मागे जात नाही, वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच. म्हणून मास्कच्या बाबतीत मी थोडा हट्टी झालोय.

आता वस्तूकडे. अर्ध्या चेहऱ्याचा, म्हणजे नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारा रबरी मास्क. माझा सिलिकोनचा आहे. दोन बाजूंना फिरवून बसवायचे दोन चपटे गुलाबी फिल्टर, मध्ये श्वास बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, मागे डोक्यावर बसणारा पाळणा आणि मानेमागे दुसरा पट्टा. गुलाबी रंगाला अर्थ आहे. अमेरिकी पद्धतीत तो पी-१०० फिल्टरचा रंग. पी म्हणजे तेलाच्या वाफाऱ्यातही टिकणारा आणि १०० म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. एन-९५ मधला एन म्हणजे तेल चालत नाही असा, आणि अडवणूक ९५ टक्के. आपल्याकडे दुकानात वापरून टाकायच्या मास्कवर एफएफपी-१, एफएफपी-२ असंही लिहिलेलं दिसतं. भारतीय मानक आयएस ९४७३ मधली ही वर्गवारी आहे. एफएफपी-१ ला ८० टक्के, एफएफपी-२ ला ९४, एफएफपी-३ ला त्याहूनही जास्त. फेटलिंगला एफएफपी-१ घेऊ नका, तो फक्त मनाचं समाधान आहे.

आम्ही वाळू चाळणारी माणसं, त्यामुळे फिल्टर म्हणजे बारीक भोकांची चाळण असंच मला वाटायचं. तसं नाही. आत तंतूंचा गुंताडा असतो. मोठे कण वळणावर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. अगदी बारीक कण हवेत सैरभैर भटकतात आणि भटकता भटकता चिकटतात. मधल्या मापाचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, दोन्हींतून निसटायला बघतात, म्हणून परीक्षा त्यांच्यावर घेतात. शिवाय तंतूंवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो, तो कण ओढून घेतो. त्यामुळेच कापड पातळ ठेवता येतं आणि श्वास जड होत नाही. हा भार देण्याच्या पद्धतीसाठी टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय यांना १९९५ मध्ये पेटंट मिळालं. त्याच्याही आधी थ्रीएम कंपनीसाठी काम करणाऱ्या सारा लिटल टर्नबुल या डिझायनर बाईंनी न विणलेलं कापड साच्यात दाबून कपासारखा मास्क करायची कल्पना मांडली होती. १९७२ मध्ये कंपनीच्या तशा मास्कला धुळीसाठी मान्यता मिळाली. साच्यातून आकार काढणं हे आमच्याच धंद्यातलं काम, त्यामुळे हे वाचून मला फार बरं वाटलं.

पहिला महिना वाईट गेला, हे खरं सांगतो. नाकाच्या हाडावर लाल वळ, आत घामाचं पाणी, चष्म्यावर वाफ. शेजारच्या ग्राइंडरवरचे बैलहोंगलचे अण्णा कन्नडमध्ये काय म्हणतात ते आधीच ग्राइंडरच्या आवाजात अर्धं कळायचं, आता मी काय म्हणतो ते त्यांना अजिबात कळेना. धुळीला ते धूळु म्हणतात, तेवढा शब्द दोघांचा एकच. पट्टा जास्त आवळला की मास्क घट्ट बसतो, हा माझा गैरसमज होता. उलट रबराची कड मुडपते आणि गालापाशी फट पडते. पट्टे सैल करून आधी वरचा पाळणा नीट बसवला, मग खालचा पट्टा दोन्हीकडून सारखा ओढला, तेव्हा वळ गेले.

पण खरी गोष्ट कळली ती आरशात. सुट्टी झाल्यावर मास्क काढून चेहरा बघायची सवय लावून घेतली. नाकाच्या बाजूला काळी रेघ दिसली की तिथून धूळ आत येते. फिल्टर ९९.९७ टक्क्यांचा असला तरी गालाजवळ फट असेल तर हवा फिल्टरमधून येतच नाही, सोप्या वाटेनं येते. म्हणून रोज घालताना दोन तपासण्या करायच्या. व्हॉल्व्हवर तळवा ठेवून हळू श्वास सोडायचा, मास्क किंचित फुगला पाहिजे आणि कडेनं वारा लागता कामा नये. मग दोन्ही फिल्टर दाबून श्वास ओढायचा, मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. नव्या काही बनावटींत यासाठी बटण दिलंय, ते दाबलं की हवेची वाट बंद होते. माझ्यात बटण नाही आणि या चपट्या फिल्टरवर तळवा नीट बसत नाही. पुढचा घेईन तेव्हा बटणाचाच घेईन. दहा सेकंदांचं काम सोपं असेल तरच माणूस ते रोज करतो.

दाढीचं काय करायचं, हा आमच्याकडचा मोठा प्रश्न. श्रावणात अर्धं खातं दाढी करत नाही. दोन दिवसांचे खुंट वाढले तरी रबर आणि कातडी यांमध्ये फट राहते. मी श्रावणातही दाढी करायचं ठरवलंय, आईला समजावून सांगितलं. ज्यांना ते मान्य नाही त्यांना मी नावं ठेवत नाही, पण त्यांनी हा मास्क घेऊन पैसे घालवू नयेत.

डिसेंबरात एकदा सलग दोन दिवस काळी रेघ आली. फट सापडेना. शेवटी व्हॉल्व्हची जाळी काढली तर आतल्या पातळ रबरी पडदीखाली वाळूचा एक कण अडकला होता. पडदी बंदच होत नव्हती आणि प्रत्येक श्वासाला बाहेरची हवा सरळ आत. तेव्हापासून दर शनिवारी सगळा मास्क सुटा करतो, फिल्टर बाजूला काढून रबर कोमट पाण्यात साध्या साबणानं धुतो आणि सावलीत वाळवतो. थिनर नाही, रॉकेल नाही. पडदी वर्षभरात वाकडी होतेच, सुटी मिळते, एक जादा घरात असू द्या. आणि हवेच्या नळीनं फिल्टर फुंकायची आमच्या खात्यातली जी सवय आहे, ती आधी सोडा. फुंकल्यावर फिल्टर स्वच्छ दिसतो, पण दाबानं तंतू फाटतात आणि अडकलेली धूळ उलट उडते. श्वास जड लागायला लागला की फिल्टर टाकून द्यायचा, बस्स.

खर्चाचा हिशेब माझ्या वहीतला. मास्क १,९०० रुपये, फिल्टरची जोडी ५५०. साधारण पाच-सहा आठवड्यांत जोडी बदलावी लागली, नऊ महिन्यांत सात जोड्या. एकूण ५,७५०. रोज एक चाळीस रुपयांचा एफएफपी-२ वापरला असता तर महिन्याला २६ दिवस धरून ९,३६० झाले असते. आणि खरं म्हणजे रोज नवा कोण वापरतो? आमच्यात एकच आठवडाभर चालवतात, काळा पडला की उलटा करून.

या मास्कमधली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे पुढची खिट्टी. ती सोडली की डोक्यावरचा पाळणा तसाच राहतो आणि मास्क छातीवर लोंबतो. पाणी पिणं, फोरमन मामांशी बोलणं, हेल्मेट न काढता होतं. बाजूला येऊन दोन मिनिटांत पुन्हा लावता येतो. हे ऐषआरामाचं वाटेल, म्हणून हिशेब सांगतो. अमेरिकी नियमांत अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कचा संरक्षण गुणांक १० धरतात, म्हणजे नीट बसला तर बाहेरच्या धुळीचा दहावा हिस्सा आत. पाळी ४८० मिनिटांची. पूर्ण वेळ मास्क असेल तर १० टक्के धूळ आत येते. त्यातली फक्त ३० मिनिटं धुळीतच मास्क काढून गेली तर तोच आकडा जवळजवळ १६ टक्के होतो. दोन तास गेली तर ३२ टक्क्यांच्या वर. टोचतो म्हणून, बोलता येत नाही म्हणून, घाम येतो म्हणून माणूस मास्क काढतो. सिलिकोनची मऊ कड, हलके चपटे फिल्टर, ही खिट्टी, हे सगळं त्या ३० मिनिटांसाठी आहे. मास्कचं वजन नव्वद ग्रॅम की शंभर ग्रॅम, यावर दुकानदाराशी वाद घालणं म्हणूनच योग्य आहे.

धुळीचा फिल्टर वास थांबवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. कोअर खात्यात, म्हणजे साच्याच्या आत ठेवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, वाळू बांधायच्या रेझिनचा उग्र वास असतो. तिथं वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज लागतं, आणि ते संपल्यावर श्वास जड होत नाही, त्यामुळे कळत नाही. दिवस मोजून बदलावं लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी ओली असते की उघडं ठेवलेलं कार्ट्रिज लवकर वाया जातं. झिपच्या पिशवीत बंद ठेवा.

मार्चमध्ये पंधरा दिवस मोटरवाला मास्कही वापरून पाहिला, मालकांनी नमुना म्हणून आणला होता. कमरेला पंखा आणि बॅटरी, मागून नळी डोक्यावरच्या टोपात. सैल टोपाला मिनिटाला किमान १७० लिटर गाळलेली हवा लागते, आणि ती चेहऱ्यावरून वाहत राहते. उन्हाळ्यात तो वारा म्हणजे स्वर्ग. चष्म्यावर वाफ नाही, श्वास ओढायला जोर नाही, दाढी असली तरी चालते. अण्णा म्हणाले, आता बोलणंही ऐकू येतं. पण नळी दोनदा कास्टिंगच्या कडेला अडकली, बॅटरी दुपारच्या चहानंतर मान टाकायची आणि किंमत माझ्या पगाराच्या बाहेरची. दाढी ठेवणाऱ्यांसाठी आणि धाप लागणाऱ्या वयस्कर कामगारांसाठी मालकांनी असे दोन-चार तरी घ्यावेत, असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. विचार करतो म्हणाले.

त्यांना आणखी एक सांगितलंय. मास्क हा शेवटचा आडोसा आहे. ग्राइंडिंगच्या टेबलालाच खालून हवा ओढणारा हुड, त्याला जाड नळ आणि बाहेर कापडी पिशव्यांचा धूळसंग्राहक, एवढं केलं तर नाकापर्यंत पोचणारी धूळच कमी होते. आमच्याकडे एका टेबलाला तो बसवलाय. त्या टेबलावर काम पडतं त्या आठवड्यात माझा फिल्टर स्पष्टपणे कमी काळा होतो. बाकी पाच टेबलं तशीच आहेत.

गेल्या आठवड्यात येळ्ळूरचा एक नवा पोरगा लागला, विशीतला, अरुंद चेहऱ्याचा. माझा मास्क त्याला घालून बघितला, हनुवटीपाशी सगळी फट. लहान साइझ मागवली. शनिवारी आली. आरशासमोर उभं करून तपासणी करायला शिकवली. तो म्हणाला, "मामा, रेझिनचा वास येऊलाय की अजून." मी म्हटलं, वास येणारच, तू सुट्टीला नाकाच्या बाजूची रेघ बघ. संध्याकाळी मास्क काढून तो आधी आरशाकडेच गेला. रेघ नव्हती.